साबण, डिटर्जंट, फिनेल, ॲसिड: कुठं काय वापरायचं?

‘डिटर्जंट’ हा शब्द आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात फार सैल वापरला जातो. किराणा दुकानात तो कपड्यांच्या पावडरीसाठी असतो. सोसायटीत जिना पुसायच्या हिरव्या लिक्विडलाही डिटर्जंटच म्हणतात, आणि भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पार्ट धुवायच्या टाकीत जे काही ओततात त्यालाही. त्यामुळे वाचकांचे प्रश्नही त्याच गोंधळातून येतात. कंपनीतून आणलेल्या लिक्विडनं घरची भांडी घासली तर चालेल का? फिनेल टाकूनही फरशी चिकट का राहते? बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही? दारावर येणारा टेम्पोवाला पाच लिटरचा कॅन इतक्या स्वस्तात कसा देतो?

बाटलीवर मोठ्या अक्षरात काय छापलंय, यावरून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. मळ कसला, वस्तू कसली आणि पाणी कुठलं, या तीन गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा निर्णय आपोआप होतो.

बाटलीचं काम ओळखा

सफाईच्या मालाचे प्रकार दुकानात पन्नास दिसतात. कामं मात्र चारच आहेत.

- तेल-मळ सोडवणं. साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड हे इथं येतात. यांचा एक भाग तेलाला धरतो, दुसरा पाण्याला, म्हणून तेल पाण्याबरोबर निघून जातं. डिटर्जंट हा शब्द खरा यांच्यासाठीच आहे.
- क्षार आणि गंज काढणं. टॉयलेट क्लीनर, लिंबूसत्त्व, व्हिनेगर. ही सगळी आम्लं. नळावरचा पांढरा थर आणि कमोडमधले पिवळे डाग यांच्यावर आम्लच चालतं. कितीही पावडर घासा, तो थर हलत नाही.
- जंतू मारणं. ब्लीच, फिनेल, जंतुनाशक फ्लोअर क्लीनर. ही मळ काढण्यासाठी बनलेली नाहीत. मळाच्या थराखालच्या जंतूंपर्यंत ती नीट पोचतही नाहीत.
- जड ग्रीस आणि जळका थर काढणं. कास्टिक किंवा तत्सम तीव्र अल्कली असलेले डीग्रीझर. हे कारखान्याचं काम आहे. घरात त्याची गरज क्वचितच पडते.

फरशी चिकट का राहते, याचं उत्तर यातच आहे. काळं फिनेल कोलटारपासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचं असतं, पांढरं बहुधा पाइन तेलाचं. दोन्ही तेलकट आहेत. मळ न काढता रोज फिनेलचं पाणी फिरवलं तर थरावर थर चढतो. आधी साध्या पाण्यात थोडं लिक्विड टाकून पुसा, स्वच्छ पाण्याचा हात फिरवा, मगच फिनेल. मधला स्वच्छ पाण्याचा हात टाळू नका. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेलं जंतुनाशक साबणाच्या उरलेल्या फेसाशी जुळतं आणि निकामी होतं. म्हणजे दोन महागडे पदार्थ एकमेकांना खाऊन टाकतात आणि फरशीला काहीच मिळत नाही. घरात मांजर असेल तर काळं फिनेल वापरूच नका. फिनॉल मांजरांना विषारी असतं, आणि पायाला लागलेलं ते चाटतातच.

पाणी कुठलं आहे?

पिंपरी-चिंचवड महापालिका नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी देते. मधल्या दिवसाची तूट अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरनं भरून काढतात. चाकणच्या बाजूला, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये तर बोअरचंच पाणी जास्त. आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं भूजल बऱ्याच ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर पाण्याच्या अर्ध्या बाटलीत साध्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. वर फेस आणि खाली नितळ पाणी दिसलं तर पाणी मऊ आहे. फेस नाही आणि पाणी दुधाळ, वर साका तरंगतोय, तर जड. यासाठी पावडर किंवा लिक्विड घेऊ नका. ते जड पाण्यातही फेस देतात आणि तुमची फसगत होते.

पाणी जड निघालं तर:

- कपड्यांना वडीचा साबण सोडा, पावडर किंवा लिक्विड घ्या. साबणाचा साका कपड्यात बसतो आणि पांढरे कपडे करडे दिसू लागतात.
- पावडर दुप्पट करण्याआधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून बघा. तो क्षार बाजूला काढतो आणि पावडर कमी लागते. हा सोडा रेशमाला, लोकरीला आणि ॲल्युमिनियमला चालत नाही.
- मशीनमध्ये अधूनमधून रिकामी गरम फेरी लिंबूसत्त्व टाकून चालवा. त्या फेरीत ब्लीच घालायचं नाही. कारण पुढे येईल.
- महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी पांढरे कपडे धुवा. यात शास्त्र कमी आणि सोय जास्त, पण फरक दिसतो.

कंपनीचे कपडे

सर्वांत जास्त गोंधळ इथं असतो. कूलंट, कटिंग ऑइल, ग्रीस, रंग आणि धातूची बारीक बरी हे पाच वेगवेगळे मळ आहेत, आणि आपण गुरुवारच्या सुट्टीत ते सगळे एकाच बादलीत, मुलांच्या गणवेशाबरोबर भिजवतो.

1. कपडे घरी आल्यावर वेगळ्या पिशवीत ठेवा. घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नका. बॅटरी, वेल्डिंग किंवा पेंट शॉपमध्ये काम असेल तर शक्यतो कंपनीतच कपडे बदला. शिसं आणि रंगाची भुकटी कपड्यांवरून घरात येते, आणि रांगणारं मूल फरशीवरचा हात तोंडात घालतं.
2. धुण्याआधी झटका. घराबाहेर, तोंडावर रुमाल बांधून. खिसे आणि बाह्यांच्या घड्या उलट्या करा. बरी तिथंच साचते आणि हाताला किंवा मशीनच्या रबराला कापते.
3. कोरड्या डागावरच लिक्विड चोळा. कपडा ओला करण्याआधी भांड्यांचं किंवा कपड्यांचं लिक्विड थेट तेलाच्या डागावर लावा आणि पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. आधी पाणी लागलं तर लिक्विड पातळ होतं आणि तेलापर्यंत पोचत नाही. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं.
4. गरम पाणी वापरा. सुती गणवेशाला सोसेल इतकं गरम. कूलंट पाण्यात विरघळणाऱ्या तेलाचं असतं, ते गार पाण्यानंही जातं. ग्रीस जात नाही.
5. वेगळे धुवा, उन्हात वाळवा. डाग राहिला असेल तर इस्त्री करू नका, उष्णतेनं तो पक्का बसतो. पुन्हा लिक्विड लावून धुवा.

पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलनं डाग काढायची सवय अजून आहे. डाग जातो, हे खरं. पण तो कपडा तसाच मशीनमध्ये घातला तर बंद ड्रममध्ये वाफ साठते, आणि मोटरची एक ठिणगी पुरेशी असते. असा कपडा मशीनमध्ये अजिबात घालू नका. आधी उघड्यावर पूर्ण वास जाईपर्यंत वाळवा, मग हातानं धुवा. खरं तर थिनर घरात आणूच नका.

हातांसाठी वेगळं काही

शिफ्ट सुटल्यावर थिनरनं, पेट्रोलनं, नाहीतर लाकडाचा भुसा आणि कपड्यांची पावडर मिसळून हात घासणारे कामगार तळवड्यापासून चाकणपर्यंत दिसतात. तेल निघतं, पण त्याबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही निघतं. पावडर कपड्यांसाठी अल्कली ठेवून बनवलेली असते, भुसा त्वचेला बारीक ओरखडे पाडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओरखड्यांत कूलंट शिरतं.

त्याऐवजी कोरड्या हातांवर थोडं खाद्यतेल किंवा वर्कशॉपसाठी मिळणारी हात धुण्याची पेस्ट चोळा, कापडानं पुसा, मग साध्या साबणानं धुवा आणि शेवटी खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. कामाआधी हातमोजे घाला. पण फिरत्या ड्रिल किंवा लेथवर घालू नका. तिथं मोजा अडकून बोट जातं.

बोटांच्या बेचक्यात खाज, भेगा, लाल चट्टे येत असतील तर एक गोष्ट तपासा. सलग सुट्टीत ते कमी होतात आणि कामावर रुजू झाल्यावर परत येतात का? येत असतील तर कारण कामावरच आहे. डॉक्टरांना ‘ॲलर्जी आहे’ एवढंच सांगू नका. रोज कशाला हात लागतो त्याचं नाव, जमलं तर लेबलचा फोटो दाखवा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयचा आधार आहे. चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात जाताना कार्ड आणि हा फोटो, दोन्ही घेऊन जा. रसायनांमुळे होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने कायद्यानंही नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार मानला होता. लाजून घरगुती मलमावर काढायची ही गोष्ट नाही.

काय कशाला चालत नाही

- शहाबादी, कोटा, संगमरवर, मोझॅक: आम्ल नको. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडताच बुडबुडे येतात, ती फरशीच विरघळत असते. लिंबू आणि व्हिनेगरही त्यातच मोडतं.
- ॲल्युमिनियम: धुण्याचा सोडा आणि कास्टिक नको. कढई काळी पडते, तळ झिजतो. कंपनीतलं डीग्रीझर घरच्या भांड्यांना का वापरायचं नाही, त्याचं हे पहिलं कारण. दुसरं, त्यात आणखी काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.
- स्टीलचं सिंक: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच नको. दोन्हींतल्या क्लोराइडनं बारीक खड्डे पडतात, आणि मग ‘स्टील असून गंजलं’ म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो.
- तांबं, पितळ: चिंच, लिंबू किंवा पितांबरीसारखी पावडर. इथं आम्ल योग्यच आहे. धुऊन लगेच कोरडं पुसा.
- पैठणी, शाल, स्वेटर: एन्झाइमवाली पावडर नको. डाग खाणारं एन्झाइम प्रथिनांवर चालतं, आणि रेशीम, लोकर ही प्रथिनंच आहेत. शाल-स्वेटरला रिठ्याचं पाणी बरं. जरीची पैठणी घरी धुवूच नका.
- रंगीत कपडे: क्लोरिनचं ब्लीच नको, ऑक्सिजनचं घ्या. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं.

ज्या सोसायटीत स्वतःचा सांडपाणी प्रकल्प आहे, तिथं एक गोष्ट जास्तीची. तो प्रकल्प जिवाणूंवर चालतो. प्रत्येक घरानं रोज कमोडमध्ये ब्लीच आणि फिनेल ओतलं तर जिवाणू मरतात, वास सुटतो, आणि समिती ऑपरेटरला बोल लावते.

एकत्र करायचं नाही, म्हणजे नाही

- ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड: क्लोरिन वायू निघतो.
- ब्लीच आणि अमोनिया असलेला काच क्लीनर: क्लोरामाइनची वाफ निघते.
- ड्रेन साफ करायचं कास्टिक आणि ॲसिड: उकळून अंगावर उडतं.

लोक मुद्दाम मिसळत नाहीत. एकानं डाग गेला नाही म्हणून लगेच त्यावर दुसरं ओततात, तेही दार लावलेल्या संडासात. एक वापरलंत तर भरपूर पाणी ओता, दार उघडा ठेवा, आणि दुसरं दुसऱ्या दिवशी वापरा. तीव्र द्रव पातळ करताना आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलट कधी नाही. पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि ४९ भाग गार पाणी घेतलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. घरातली फरशी किंवा दाराच्या कड्या निर्जंतुक करायला ते पुरतं. ते त्याच दिवशी वापरून संपवा.

टेम्पोवाला कॅन, पाण्याची बाटली आणि निळा ड्रम

दारावर मिळणारं सुटं लिक्विड प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. अडचण अशी की ते काय आहे हे तुम्हाला कळायची सोय नाही. ‘भांड्याचं’ म्हणून दिलेल्या कॅनमध्ये अल्कली किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. फेस आणि रंग पाहून लोक घेतात. फेस वाढवणं आणि हिरवा रंग टाकणं या दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत, स्वच्छतेशी त्यांचा संबंध फार थोडा.

त्याहून मोठा धोका म्हणजे ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं. कंपनीतून ‘थोडंसं’ आणलेलं थिनर, कास्टिक, ॲसिड हमखास अशाच बाटलीत येतं, मोरीच्या कट्ट्यावर राहतं आणि रात्री अंधारात कुणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. घरात असं काही असेल तर आजच काढा. मूळ डब्यातून दुसरीकडे काही ओतायचंच असेल तर खाण्यापिण्याच्या बाटलीत नको, आणि बाटलीवर नाव ठसठशीत लिहा. संडासाचं ॲसिडही तसंच सुटं घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ॲसिडहल्ला झालेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्यानं नोंदवही ठेवायची, घेणाऱ्यानं ओळखपत्र दाखवून कारण सांगायचं, आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही विकायचं नाही. जो दुकानदार काही न विचारता देतो, तो नियम मोडतोय.

आता निळे ड्रम. एक दिवसाआड पाणी आलं तसे घरोघरी ड्रम आले, आणि त्यांतले बरेच कारखान्यांतून रिकामे झालेले असतात. कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं महापालिकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, पण धुतलेले ड्रम रस्त्याकडेला अजूनही मिळतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक रसायनांनी माखलेले रिकामे पिंप हाच मुळी घातक कचरा आहे. तो अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा, तुमच्या गॅलरीत नव्हे. सॉल्व्हंट प्लास्टिकच्या भिंतीत मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरतं. तीन वेळा पावडरनं घासून ते निघत नाही. वास येत नाही म्हणजे ड्रम स्वच्छ आहे, असंही समजू नका.

- पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी अशा ड्रममध्ये कधीच साठवू नका.
- मूळ लेबल खरवडलेलं असेल तर ड्रम बागेलाही घेऊ नका.
- नवी टाकी घेताना आयएस १२७०१ क्रमांक आणि आयएसआय चिन्ह बघा. प्लास्टिकच्या पाणीटाक्यांचं ते मानक आहे.
- जुना ड्रम घरात असेलच आणि आधी त्यात काय होतं हे माहीत नसेल, तर तो कचरा किंवा वाळू ठेवायला वापरा.

अपघात झाला तर

- पोटात गेलं: उलटी करायला लावू नका. ॲसिड, कास्टिक, रॉकेल, थिनर यांत तर मुळीच नाही, कारण वर येताना घसा आणि फुप्फुसं दुसऱ्यांदा भाजतात. मीठपाणी, लिंबू, दूध असले उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.
- डोळ्यात गेलं: पापणी उघडी धरून नळाच्या वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं. कास्टिक ॲसिडपेक्षा खोल जातं, म्हणून जळजळ थांबली तरी डॉक्टरांकडे जाच.
- त्वचेवर सांडलं: कपडे काढा, भरपूर पाणी. ॲसिडवर सोडा आणि सोड्यावर ॲसिड असले प्रयोग अंगावर करू नका.
- वायू नाकात गेला: बाहेर मोकळ्या हवेत या, मागे बाटली उचलायला जाऊ नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेबद्दल सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र: १८०० ११६ ११७. पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, महापालिकेचंच आहे. जिथं जाल तिथं डबा सोबत न्या. ‘काहीतरी पांढरं होतं’ यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत.

कामाच्या ठिकाणी काय मागता येतं?

हाऊसकीपिंगमध्ये काम करणाऱ्यांना आर-वन, आर-टू, आर-सिक्स ही नावं पाठ असतात: आर-वन बाथरूमचं, आर-टू फरशीचं, आर-थ्री काचेचं, आर-सिक्स कमोडचं. एका कंपनीच्या मालाची ही पद्धत आता सगळीकडे बोलीत आली आहे. पद्धत चांगली आहे, पण कंत्राटदार त्याच बाटलीत दुसऱ्याच कॅनमधलं स्वस्त लिक्विड भरतो तेव्हा ती कोलमडते. बाटलीवर आर-टू आणि आत काय, कुणास ठाऊक. ज्या कॅनमधून भरलं तो दाखवा, असं सुपरवायझरला सांगायला संकोच करू नका.

हे मागणं उपकार म्हणून करायचं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात हात धुण्याची पुरेशी सोय आणि रसायनांची माहिती कामगाराला देण्याचं बंधन होतं. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२०, ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आपल्या सुरक्षेची आणि आरोग्याची माहिती मालकाकडून मिळवण्याचा कामगाराचा हक्क तिच्यातही आहे. कंत्राटी कामगारांच्या धुण्या-न्हाण्याच्या सोयीची जबाबदारी मुख्य मालकावर आहे, ‘ठेकेदाराला विचार’ हे उत्तर पुरत नाही.

मागायच्या गोष्टी:

- सुरक्षा माहितीपत्रक. एसडीएस किंवा एमएसडीएस म्हणतात ते. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनी ते अनिवार्य केलं. सोळा भाग असतात, सगळे वाचायची गरज नाही. दुसरा भाग धोका सांगतो, चौथा प्रथमोपचार, आठवा हातमोजे आणि चष्मा. एवढे तीन भाग मराठीत किंवा हिंदीत भिंतीवर लावायला सांगा.
- त्या रसायनाला साजेसे हातमोजे. कापडी मोजे कास्टिकला निरुपयोगी आहेत, ते द्रव शोषून त्वचेला चिकटवून ठेवतात.
- डोळे धुण्याची सोय आणि कपडे बदलायला जागा.
- टाकीत उतरायचं काम असेल तर स्पष्ट नकार. सेप्टिक टँक किंवा गटारात साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सोसायटीच्या समितीलाही हे लागू होतं.

आधी सुरक्षा समितीकडे किंवा सुपरवायझरकडे लेखी द्या, प्रत ठेवा. उत्तर नाही मिळालं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं पुण्यातलं कार्यालय आहे.

विकत घेताना

बंद पाकिटावर उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. वैधमापनाचे २०११ चे नियम तसं सांगतात. यातलं काही नसेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. वस्तूमुळे कपडे किंवा त्वचा खराब झाली असेल तर बिल, पाकीट आणि फोटो ठेवा. आधी कंपनीच्या संपर्कावर लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. बिल न घेता घेतलेल्या टेम्पोच्या कॅनसाठी मात्र यातला एकही रस्ता नीट चालत नाही.

अंगाच्या साबणावर टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा, आकडा बघा. ७६ टक्के म्हणजे पहिल्या प्रतीचा टॉयलेट सोप. ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर ४० टक्केही चालतात. जड पाण्यात कोरडी पडणारी त्वचा असेल तर हा फरक जाहिरातीतल्या सुगंधापेक्षा महत्त्वाचा.

नाल्यातला फेस

आळंदीत इंद्रायणीवर आणि थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याजवळ पवनेवर फेस दिसला की दोष कुणाचा, यावर वाद होतो. घरगुती सांडपाण्यातलं डिटर्जंट प्रक्रियेशिवाय नदीत गेलं तरी फेस येतो, कारखान्याचं सोडलं तरी येतो. नुसत्या डोळ्यांनी त्यांचा फरक सांगता येत नाही. घरापुरतं करायचं तर पावडर मोजून टाका. फेस जास्त म्हणजे धुणं जास्त, असं नसतं, आणि मशीनला तर कमी फेसच लागतो. वर्कशॉप तुमचं असेल तर पार्ट धुतलेलं पाणी पावसाळी गटारात सोडू नका, ते औद्योगिक सांडपाणी आहे.

कुणी सोडताना दिसलं तर नुसता फेसाचा फोटो पुरत नाही. पाणी नाल्यात पडतं ती जागा, वेळ, रंग आणि वास नोंदवा. शहराच्या हद्दीत महापालिकेची ‘सारथी’ हेल्पलाइन ८८८८००६६६६ आहे. चाकण, महाळुंगे आणि बाकीची गावं महापालिकेत येत नाहीत, तिथली तक्रार थेट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. नमुना घ्यायला माणूस उशिरा आला तर पाणी वाहून गेलेलं असतं, म्हणून तक्रार त्याच तासाला करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या.